सौंदर्यासाठीची इंजेक्शने: सरकारी मान्यता कशी वाचावी आणि सुरक्षितता कशी तपासावी

चेहऱ्यावरच्या आठ्या कमी करण्यासाठी किंवा ओठ, गाल भरून घेण्यासाठी इंजेक्शन घ्यायचे ठरवणारी बहुतेक माणसे ‘हे मान्यताप्राप्त आहे ना?’ एवढे एकच विचारतात आणि समोरून ‘हो’ आले की निश्चिंत होतात. उत्तर देणारा खोटे बोलत असेलच असे नाही, पण प्रश्नच अपुरा आहे. कोणतेही सरकार ‘बोटॉक्स’ला किंवा ‘फिलर’ला सरसकट मान्यता देत नाही. मान्यता मिळते ती एका कंपनीच्या एका उत्पादनाला, शरीराच्या ठरलेल्या जागेसाठी, ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या वयाच्या माणसांसाठी. यातला एक शब्द जरी बदलला, तरी त्या मान्यतेमागचा अभ्यास तुमच्या बाबतीत लागू पडेलच याची खात्री उरत नाही.

बोटॉक्सचेच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, या उत्पादनाला पहिली मान्यता डिसेंबर १९८९ मध्ये दिली, ती तिरळेपणा आणि पापण्यांचे अनैच्छिक आकुंचन या नेत्रविकारांसाठी. भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठीची मान्यता एप्रिल २००२ मध्ये आली, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठीची २०१३ मध्ये, कपाळावरच्या आडव्या रेषांसाठीची २०१७ मध्ये आणि मानेवरच्या उभ्या पट्ट्यांसाठीची थेट २०२४ मध्ये. औषध तेच आणि कंपनीही तीच असताना कपाळावरून मानेवर यायला सात वर्षे लागली, कारण प्रत्येक जागेखाली वेगळे स्नायू आहेत आणि प्रत्येक जागेचे धोके वेगळे आहेत. पुढच्या साऱ्या पायऱ्या मान्यतेचा हा मर्यादित अर्थ गृहीत धरूनच लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: कुपीत काय आहे आणि ते कायद्याच्या कोणत्या वर्गात मोडते, हे ओळखावे

पदार्थ शरीरात काय करतो आणि कशासाठी वापरला जातो, यावरून कायदा त्याचा वर्ग ठरवतो. बोट्युलिनम विष (बोटॉक्स हे त्याचेच एक व्यापारी नाव) मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटू देत नाही, त्यामुळे त्या जागेचा स्नायू काही महिने सैल राहतो. म्हणून ते औषध ठरते, आणि जिवाणूंपासून तयार होत असल्यामुळे अमेरिकेत त्याला जैविक औषधाचा परवाना लागतो. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर मुख्यतः आपल्या आकारमानाने त्वचेखालची जागा भरून काढतो. म्हणून तो वैद्यकीय उपकरण गणला जातो, आणि अमेरिकेत तो सर्वाधिक जोखमीच्या, म्हणजे तिसऱ्या वर्गात येतो. हनुवटीखालची चरबी नष्ट करणारे डीऑक्सिकोलिक आम्लाचे इंजेक्शन पुन्हा औषधांत मोडते. त्याला तिथे २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि तीही फक्त हनुवटीखालच्या जागेसाठी.

हा भेद तांत्रिक वाटला तरी ग्राहकाच्या फार उपयोगाचा आहे, कारण शोध कुठल्या यादीत घ्यायचा हे त्यावरून ठरते. अमेरिकेच्या औषधांच्या यादीत फिलर सापडणार नाही आणि उपकरणांच्या यादीत बोट्युलिनम विष सापडणार नाही. युरोपीय संघात तर ‘आमच्या फिलरला वैद्यकीय हेतूच नाही’ असे म्हणून उत्पादकाला उपकरणांच्या कायद्यातून निसटण्याची वाट पूर्वी मोकळी होती. २६ मे २०२१ पासून लागू झालेल्या २०१७/७४५ क्रमांकाच्या नियमावलीने आपल्या सोळाव्या परिशिष्टात निव्वळ सौंदर्यासाठीचे फिलरही घेतले, आणि त्यांच्यासाठीचे सामायिक निकष जून २०२३ पासून लागू झाले. भारतात औषधे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि उपकरणे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. दोन्हींची केंद्रीय यंत्रणा म्हणजे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना.

सर्वांत जास्त फसगत होते ती औषधे आणि उपकरणे यांखेरीजच्या वर्गात, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांत. क्रीम किंवा सीरम बाजारात आणण्यासाठी औषधासारख्या चाचण्या द्याव्या लागत नाहीत, कारण ते त्वचेच्या वर राहणार हे गृहीत असते. अशा परवान्यावर विकली जाणारी बाटली सुईने त्वचेखाली सोडली, की त्या परवान्याचा आधारच संपतो. एक्झोसोमच्या, म्हणजे पेशींतून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, नावाने विकल्या जाणाऱ्या द्रवांबाबत नेमके हेच घडते. एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच जाहीर इशारा देऊन आपण एकाही एक्झोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही, असे स्पष्ट केले होते. बाटलीवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असे छापलेले असताना कोणी ती सिरिंजमध्ये भरत असेल, तर खुर्चीवरून उठावे. पुढचे एकही कागदपत्र तपासण्याची गरज नाही.

दुसरी पायरी: मान्यतेमागचा पुरावा समजून घ्यावा

मान्यतेआधी नेमके काय मोजले जाते, हे एकदा जवळून पाहिले की जाहिरातीतले दावे तोलणे सोपे जाते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची जी मुख्य चाचणी झाली, तिच्या दोन अभ्यासांत मिळून ५३७ जण होते. त्यांपैकी ४०५ जणांना औषध दिले आणि १३२ जणांना औषध नसलेले इंजेक्शन. सर्वांना जोरात आठ्या घालायला सांगून डॉक्टरांनी त्या आठ्यांची तीव्रता ठरावीक मापावर नोंदवली. तिसाव्या दिवशी औषध घेतलेल्यांपैकी ८० टक्के लोकांच्या आठ्या नाहीशा झाल्या होत्या किंवा सौम्य उरल्या होत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३ टक्के होते. एकशेविसाव्या दिवशी औषधाच्या गटातले तेच प्रमाण २५ टक्क्यांवर आले.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. परिणाम खरा आहे आणि तो तात्पुरता आहे; चार महिन्यांनी चारांतल्या तिघांच्या आठ्या सौम्यपेक्षा जास्त असतात. म्हणून ‘वर्षभर टिकेल’ असे सांगणारा माणूस त्या कुपीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकाच्या बाहेरचे बोलत असतो. हे माहितीपत्रक मागून घ्यावे. त्यात मान्यताप्राप्त जागा, मात्रा, कोणाला देऊ नये आणि चाचणीत दिसलेले दुष्परिणाम असे सगळे छापलेले असते, आणि नियामक संस्थेने त्यातला शब्द न् शब्द तपासलेला असतो. माझ्या मते सबंध व्यवहारात ग्राहकाच्या हाती येणारा सर्वांत प्रामाणिक कागद हाच असतो.

तिसरी पायरी: ‘मान्यता’, ‘नोंदणी’ आणि ‘प्रमाणपत्र’ यांत गल्लत होऊ देऊ नये

जाहिरातींत ‘एफडीए नोंदणीकृत’ हा शब्दप्रयोग सर्रास दिसतो. नोंदणी म्हणजे कारखान्याने आपले नाव, पत्ता आणि उत्पादनांची यादी कळवणे. तेवढ्याने उत्पादन तपासले गेले असा अर्थ होत नाही. भिंतीवर सोनेरी कडा असलेले, गरुडाचे चिन्ह छापलेले ‘एफडीए नोंदणी प्रमाणपत्र’ लावलेले असेल, तर अधिकच सावध व्हावे, कारण उपकरणांच्या कारखान्यांना एफडीए असे प्रमाणपत्र मुळी देतच नाही. ते खासगी कंपन्या छापून देतात. ‘आयएसओ’ आणि ‘जीएमपी’ ही अक्षरे कारखान्याच्या कामाच्या पद्धतीविषयी सांगतात. त्या कारखान्यातून निघालेले द्रव्य तुमच्या डोळ्याखाली सुरक्षित आहे की नाही, याविषयी ती काहीच सांगत नाहीत.

अमेरिकेच्या उपकरण-कायद्यात आणखी एक पायरी आहे. काही उपकरणे ‘आधीच बाजारात असलेल्या उपकरणासारखीच आहेत’ एवढे दाखवून विक्रीस मोकळी होतात. तिथे त्वचेतल्या फिलरना मात्र ही सवलत नाही. त्यांना स्वतःच्या चाचण्यांसह विक्रीपूर्व मान्यता घ्यावी लागते. युरोपातील ‘सीई’ चिन्ह पाहताना त्याच्या शेजारी चार अंकी क्रमांक आहे का, हे पाहावे. तो क्रमांक त्या उत्पादनाची तपासणी करणाऱ्या अधिकृत संस्थेचा असतो आणि युरोपीय आयोगाच्या सार्वजनिक सूचीत त्यावरून संस्थेचे नाव सापडते. फिलरसारख्या जोखमीच्या वस्तूवर नुसतीच दोन अक्षरे असतील आणि क्रमांक नसेल, तर ते चिन्ह ग्राह्य धरू नये.

प्रत्यक्ष शोध असा घ्यावा. पहिल्या भेटीतच, सुई हातात येण्याच्या कितीतरी आधी, उत्पादनाचे व्यापारी नाव, उत्पादकाचे नाव आणि घटकद्रव्याचे पूर्ण नाव कागदावर लिहून मागावे. ‘कोरियन बोटॉक्स’, ‘स्विस फिलर’, ‘ग्लो ड्रिप’ ही नावे चालणार नाहीत. या नावांनी कुठल्याही सरकारी यादीत काही सापडत नाही. घरी येऊन आपण राहतो त्या देशाच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर ही तिन्ही नावे शोधावीत. दुसऱ्या देशाची मान्यता आपल्या देशात आपोआप लागू होत नाही. आयात केलेल्या मालाला इथला परवाना वेगळा लागतो. भारतात वैद्यकीय उपकरणाच्या आयातीचा परवाना ‘एमडी-१५’ या नमुन्यात दिला जातो, त्यामुळे परदेशी फिलरच्या खोक्यावर आयातदाराचे नाव आणि परवाना क्रमांक छापलेला असणे अपेक्षित आहे. प्रवासातून पिशवीत घालून आणलेल्या खोक्यावर हे दोन्ही नसतात.

एका तपशिलाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. बोट्युलिनम विषाची वेगवेगळ्या कंपन्यांची उत्पादने एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, कारण ‘युनिट’ हे माप प्रत्येक उत्पादक आपापल्या चाचणीने ठरवतो. भुवयांमधल्या त्याच आठ्यांसाठी माहितीपत्रकातली मात्रा बोटॉक्सची २० युनिट, डिस्पोर्टची ५० युनिट आणि डॅक्सिफायची ४० युनिट आहे. ही गल्लत टाळावी म्हणून एफडीएने २००९ मध्ये घटकद्रव्यांची नावेही वेगळी केली: बोटॉक्सचे ऑनाबोट्युलिनमटॉक्सिनए, डिस्पोर्टचे ॲबोबोट्युलिनमटॉक्सिनए. म्हणून ‘मागच्या वेळी वीस युनिट घेतले होते, तेवढेच द्या’ असे म्हणण्याआधी ते वीस युनिट कशाचे होते, हे ठाऊक असायला हवे.

चौथी पायरी: जागा, वय आणि प्रकृती ताडून पाहावी

मान्यतेबाहेरच्या जागी औषध वापरणे बहुतेक देशांत डॉक्टरांना कायद्याने बंद नाही, आणि अनुभवी डॉक्टर विचारपूर्वक तसे करतातही. तक्रार तेव्हा असते जेव्हा रुग्णाला ते सांगितलेच जात नाही. ‘मी सांगतो आहे त्या जागेसाठी या उत्पादनाला मान्यता आहे का?’ असा थेट प्रश्न विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर कोणत्या आधारावर वापरणार आणि इथला विशेष धोका कोणता, हे संमतिपत्रात लिहून घ्यावे.

फिलरच्या बाबतीत जागेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. चेहऱ्यावरच्या काही रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, आणि चुकून वाहिनीच्या आत गेलेला फिलर उलट दिशेने सरकून दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद पाडू शकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा रीतीने दृष्टी गमावलेल्या किंवा दृष्टीवर परिणाम झालेल्या ९८ रुग्णांची नोंद जमवलेली आहे. त्यांत भुवयांमधली जागा सर्वांत वर होती आणि तिच्या खालोखाल नाक. पदार्थांमध्ये सर्वांत वर रुग्णाची स्वतःचीच चरबी होती. ‘तुमच्याच शरीरातले आहे, त्यामुळे धोका नाही’ हे वाक्य ऐकू आले, तर ही नोंद आठवावी. हा अपघात विरळा आहे, परंतु गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. त्याच वर्षी, मे महिन्यात, एफडीएनेही फिलर रक्तवाहिनीत जाण्याच्या धोक्याविषयी जाहीर इशारा दिला.

वयाविषयी: एफडीएची फिलरना असलेली मान्यता प्रौढांपुरती, सर्वसाधारणपणे बावीस वर्षे आणि त्यावरील व्यक्तींसाठी आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील व्यक्तीला सौंदर्यासाठी बोट्युलिनम विष किंवा फिलर टोचणे हा गुन्हा आहे. पालकांची संमती असली तरीही.

प्रकृतीविषयी माणसे संकोचाने बोलत नाहीत आणि डॉक्टरांनी घाईत विचारले नाही, तर माहिती तशीच राहते. स्नायूंची ताकद कमी करणारे आजार, उदाहरणार्थ मायस्थेनिया ग्रेव्हिस, असतील तर बोट्युलिनम विषाचा परिणाम धोकादायक रीतीने वाढू शकतो. काही प्रतिजैविकांमुळेही तो वाढतो. डिस्पोर्टमध्ये गायीच्या दुधातील प्रथिनांचा अंश असतो, त्यामुळे त्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांना ते देऊ नये. अनेक फिलरमध्ये बधिरतेसाठी लिडोकेन मिसळलेले असते, त्याची ॲलर्जी आधी सांगावी. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भधारणा, स्तनपान, टोचण्याच्या जागेचा पुरळ किंवा संसर्ग यांतले काहीही लपवू नये. आणि रक्त पातळ करणारी औषधे इंजेक्शनासाठी स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत.

पाचवी पायरी: टोचणारा हात कोणाचा, हे पाहावे

उत्पादनाची मान्यता आणि टोचणाऱ्याचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि बहुतेक देशांत त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थाही वेगळ्या आहेत. औषध नियामक कुपी तपासतो; वैद्यकीय परिषद डॉक्टर तपासते; कुपी आणि डॉक्टर यांच्यामधली खोली, म्हणजे जिथे टोचले जाते ती जागा, पुष्कळदा कोणाच्याच ताब्यात नसते. ब्रिटनमध्ये २०१३ साली सर ब्रूस किओ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नेमके याच उणिवेवर बोट ठेवले होते: शस्त्रक्रियाविरहित सौंदर्योपचार घेणाऱ्याला बॉलपेन किंवा दातांचा ब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त संरक्षण नाही, असे त्या अहवालाने म्हटले. अशा उपचारांसाठी परवाना सक्तीचा करण्याचा अधिकार तिथल्या सरकारला मिळाला तो २०२२ च्या आरोग्यविषयक कायद्याने, म्हणजे नऊ वर्षांनी. कायदा असा मागून येतो, म्हणून ही तपासणी स्वतः करावी लागते.

वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत नाव आणि नोंदणी क्रमांक शोधावा. ही नोंदवही बहुतेक ठिकाणी सर्वांना खुली असते. त्यानंतर पदवी कोणत्या शाखेची आहे, हे पाहावे. दोन दिवसांच्या अभ्यासक्रमाचे चौकटीत लावलेले प्रशस्तिपत्र त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. तुम्हाला तपासणारे आणि प्रत्यक्ष टोचणारे एकच आहेत का, तेही विचारावे. ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने २०१२ मध्येच डॉक्टरांना, रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून बोटॉक्स लिहून देण्यास मनाई केली. तपासणीविना लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात सुई देते, आणि गुंतागुंत झाली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

जाहिरातीवरूनही बरेच कळते. ऑस्ट्रेलियात सौंदर्यासाठीचे बोट्युलिनम विष आणि फिलर चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, आणि अशा औषधांची जनतेसमोर जाहिरात करण्यास तिथे बंदी आहे. ‘दोन जागा घ्या, तिसरी मोफत’ ही भाषा औषधाच्या बाबतीत कुठेही शोभत नाही.

सहावी पायरी: खुर्चीवर बसल्यावर खोके, कुपी आणि मिश्रण पाहावे

इथे थोडे थांबून लिहितो, कारण एवढी सगळी कागदपत्रे बरोबर असूनही शेवटच्या पाच मिनिटांत सगळे बिघडू शकते.

बंद खोके आपल्यासमोर उघडायला सांगावे. खोक्यावरचा आणि आतल्या कुपीवरचा लॉट क्रमांक, म्हणजे उत्पादनाच्या त्या खेपेचा क्रमांक, एकच आहे का, मुदत उलटलेली नाही ना, हे वाचावे आणि दोन्हींचे छायाचित्र घ्यावे. एप्रिल २०२४ मध्ये एफडीएने बनावट बोटॉक्सविषयी इशारा दिला, तेव्हा ओळखण्याच्या खुणा अगदी साध्या होत्या: खोक्यावर घटकद्रव्य ‘ऑनाबोट्युलिनमटॉक्सिनए’ऐवजी नुसते ‘बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए’ असे छापलेले होते, आणि कुपी १५० युनिटची म्हणून विकली जात होती. मूळ उत्पादक १५० युनिटची कुपी बनवतच नाही. अमेरिकेच्या ११ राज्यांत मिळून २२ जणांना त्या वेळी त्रास झाला आणि त्यांपैकी ११ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. इंजेक्शने परवाना किंवा प्रशिक्षण नसलेल्या लोकांकडून, किंवा घरी आणि स्पामध्ये घेतलेली होती. त्याआधी २००४ मध्ये फ्लोरिडात प्रयोगशाळेतल्या कामासाठीचे, माणसांसाठी कधीच नसलेले विष टोचल्यामुळे चार जणांना बोट्युलिझम, म्हणजे या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, होऊन कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले होते.

खऱ्या बोटॉक्सची कुपी पाहिली, तर ती रिकामीच वाटते. तळाला पांढुरक्या कोरड्या थराचा जेमतेम भास होतो. औषध एवढेसे असते. कुपीत निर्वात पोकळी असते, त्यामुळे सलाइन भरलेल्या सिरिंजची सुई बुचातून आत गेली की द्रव आपोआप आत ओढला जातो. तो ओढला गेला नाही, तर ती कुपी टाकून द्यावी, असे माहितीपत्रक सांगते. १०० युनिटच्या कुपीत अडीच मिलिलिटर सलाइन घातले की ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात, आणि भुवयांमध्ये पाच जागी असे चार-चार युनिट दिले की वीस होतात. हा हिशेब रुग्णानेही समजून घ्यावा, कारण जास्त पाणी घालून एक कुपी जास्त माणसांत वाटली जाते, ती याच क्षणी. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायची असते आणि मिश्रण केल्यावर चोवीस तासांत वापरायची असते. कालची उरलेली, आधीच भरून ठेवलेली सिरिंज नम्रपणे नाकारावी. फिलरची सिरिंज एका व्यक्तीसाठीच असते. अर्धी उरली म्हणून ती दुसऱ्याला वापरणे किंवा तुमच्याच नावाने काही महिने ठेवून पुन्हा वापरणे, दोन्ही संसर्गाला आमंत्रण आहे.

फिलर घेत असाल, तर सुई टोचण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘हायल्युरॉनिडेझ या खोलीत आत्ता आहे का, आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे?’ हे विकर हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवते आणि रक्तवाहिनी बंद झाली, तर तेच पहिले हत्यार असते. ‘लागले तर मागवू’ हे उत्तर पुरेसे नाही. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट, पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा पीएमएमए यांच्या फिलरवर ते चालत नाही, म्हणून पहिल्यांदाच फिलर घेणाऱ्याने विरघळवता येणारा पर्याय निवडणे मला शहाणपणाचे वाटते.

जे कोणत्याही पायरीवर नाकारावे

स्तन, नितंब यांचा आकार वाढवण्यासाठी द्रवरूप सिलिकोन टोचण्यास एफडीएची मान्यता नाही; तिथे सिलिकोन तेलाचा मान्य इंजेक्शन-वापर डोळ्याच्या आतल्या उपचारापुरताच आहे. टोचलेले सिलिकोन शरीरात पसरते, पूर्णपणे काढता येत नाही, आणि रक्तात शिरले तर फुप्फुस किंवा मेंदूपर्यंत पोहोचते. सुईविना दाबाने फिलर सोडणारी ‘हायल्युरॉन पेन’ नावाची साधने वापरू नयेत, असे एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले. त्यांत द्रव कुठे आणि किती खोल जातो यावर ताबाच राहत नाही. त्वचा उजळवण्यासाठीच्या ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनांविरुद्ध फिलिपिन्सच्या नियामक संस्थेने वारंवार इशारे दिले आहेत. तिथे त्या इंजेक्शनाची मान्यता कर्करोगावरील सिसप्लॅटिन उपचाराला जोड म्हणून आहे, गोरेपणासाठी नाही. ऑनलाइन मागवून घरी स्वतः टोचण्याचा विचार तर मनातही आणू नये.

सातवी पायरी: नंतरचे तास, दिवस आणि तक्रार

फिलरनंतर त्वचा अचानक पांढरी पडणे, जाळीदार निळसर डाग उमटणे, प्रमाणाबाहेर दुखणे या रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा आहेत. त्याच क्षणी टोचणाऱ्याला सांगावे आणि ‘सकाळपर्यंत पाहू’ हे मान्य करू नये. दृष्टी अंधुक होणे, डोळ्यात तीव्र वेदना, बोलण्यात अडखळणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे असे काही झाले, तर थेट तातडीच्या विभागात जावे. दृष्टिपटलाच्या बाबतीत हाती मिनिटेच असतात.

बोट्युलिनम विषाचे धोके उशिराही दिसू शकतात. २००९ पासून अमेरिकेत या वर्गाच्या सर्व औषधांवर चौकटीतला इशारा छापणे सक्तीचे आहे: परिणाम टोचलेल्या जागेपासून दूर पसरू शकतो आणि काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही लक्षणे दिसू शकतात. एक वस्तू दोन दिसणे, पापण्या मिटू लागणे, आवाज बदलणे, गिळताना घास अडकणे, श्वास अपुरा वाटणे यांपैकी काहीही झाल्यास रुग्णालयात जाऊन इंजेक्शन घेतल्याचे आधी सांगावे. दहा दिवसांपूर्वीचे इंजेक्शन आणि आजचा घास अडकणे यांचा संबंध तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मनात आपोआप येईलच असे नाही. प्रतिविष उपलब्ध आहे. ते पुढचे नुकसान थांबवते, पण झालेला लुळेपणा लगेच मागे घेत नाही, म्हणून ते लवकर मिळणे महत्त्वाचे ठरते.

उपचार सुरू झाल्यावर तक्रार नोंदवावी. अमेरिकेत ‘मेडवॉच’, ब्रिटनमध्ये ‘यलो कार्ड’ आणि भारतात औषधांसाठी औषध-सतर्कता कार्यक्रम व उपकरणांसाठी स्वतंत्र उपकरण-सतर्कता कार्यक्रम आहे. रुग्णाला स्वतःलाही अहवाल देता येतो, डॉक्टरांच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. चाचणीतल्या काही शे माणसांत न दिसलेला दुष्परिणाम लाखोंच्या वापरात उघड होतो तो अशाच अहवालांतून, आणि बनावट माल पकडला जातो तोही बहुधा यांतूनच. अहवालात उत्पादनाचे नाव, लॉट क्रमांक, टोचल्याची तारीख व जागा, युनिट किंवा मिलिलिटरमधली मात्रा, पहिले लक्षण दिसल्याची वेळ आणि टोचणाऱ्याचे नाव लिहावे. लॉट क्रमांक नसेल, तर तपास करणाऱ्याला त्याच खोक्यातल्या दुसऱ्या कुप्या कोणाकोणाला गेल्या, हे शोधता येत नाही. म्हणून खुर्चीवर बसल्याबसल्या घेतलेले ते छायाचित्र निदान वर्षभर तरी जपून ठेवावे.